ताडाखालचे पेरू

मुलुंड पूर्व
मंगळवार, १२ ऑगस्ट

आक्का,

पाकिटावरचं अक्षर माझं आहे हे बघून तू ते न फोडताच फळीवर ठेवशील, अशी मला भीती आहे. फोडलं असशील तर एवढं एक वाच. ख्यालीखुशाली विचारायला मला तोंड नाही, म्हणून कामाचंच लिहिते.

फोन तुला ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून विचारावी अशी ही गोष्ट नाही. पोस्टाने चार-पाच दिवस जातील. तुमच्या वाडीतला नितेश ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो, ती इथे टोलनाक्याजवळ थांबते. त्याच्या हाती देते आहे. आज संध्याकाळी दिलं की उद्या सकाळी तुझ्या दारात.

विचारायचं ते असं. आपण लहान असताना तू मला टोचलेले पेरू द्यायचीस. आई म्हणायची, माणसाचं उष्टं खाऊ नये, पण पाखराचं उष्टं ते उष्टं नव्हे, पाखरू गोडच फळ बघून चोच मारतं. सगळी पोरं त्या पेरूंसाठी भांडायची. पण तू आधी ते हातात घेऊन फिरवायचीस, वास घ्यायचीस, आणि त्यातले काही माझ्या हाताला लागूच न देता कुंपणाच्या गडग्यापलीकडे भिरकावून द्यायचीस. मी रडायचे. तू का फेकायचीस ते मी कधी विचारलं नाही. आता विचारते. तू कशावरून ओळखायचीस?

कारण फार मोठं नाही. मानसी घाटकोपरला बँकेत जाते, जावई देवेशही साडेआठला बाहेर पडतो. त्यांची निधी सहा वर्षांची झाली. तिची शाळा दुपारी भरते, तोवर ती माझ्याकडे असते. ते शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी पेरूचं झाड आहे. ह्यांनीच लावलेलं. गावठी, लहान, आतून गुलाबी. शेंडीवाले बुलबुल त्यावर सारखे येतात. सकाळी मी आणि निधी खाली जाऊन टोचलेले पेरू गोळा करतो, मी टोचलेला भाग कापून टाकते आणि उरलेला आम्ही दोघी खातो.

मानसीला हे ठाऊक नाही. तिने मागेच बजावलं होतं, "आई, पडलेलं, टोचलेलं काही तिला द्यायचं नाही हं. तुझं गावाकडचं लॉजिक इथे नको." म्हणून मी निधीला सांगितलं, हे आपलं दोघींचं गुपित.

परवा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी शर्मिष्ठाबाईंनी मोबाइलवर सगळ्यांना मजकूर पाठवला. केरळात वटवाघळांमुळे होणाऱ्या तापाने माणसं दगावली आहेत, फळावर दातांच्या खुणा असतील तर खाऊ नका. मी आधी हसले. आमच्या पेरूवर वटवाघूळ कुठलं? पण मग तुझी आठवण झाली.

निधीला थोडी कणकण आहे. शाळेत सगळ्यांनाच आहे म्हणतात.

उत्तर दे. दोन ओळी लिहिल्यास तरी चालेल.

मालन


गुरुवार, १४ ऑगस्ट

आक्का,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण नितेश म्हणाला की तू पाकीट त्याच्यासमोर फोडलंस. म्हणून पुन्हा लिहिते.

परवाच्या पत्रात मी एक गोष्ट हलकी करून लिहिली. निधीला कणकण नाही, ताप आहे. रविवारी रात्रीपासून. काल एकशे तीनवर गेला. डोकं दुखतं म्हणते, उजेड नको म्हणते, खाल्लेलं राहत नाही. रक्त तपासलं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. डेंग्यू नाही म्हटल्यावर मानसी आणि देवेशने सुटकेचा श्वास सोडला. माझा मात्र तिथेच अडकला.

काल दवाखान्यात काय झालं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. डॉ. संघमित्रा म्हणून लहान मुलांच्या डॉक्टर आहेत. बोलायला मोकळ्या. त्यांनी निधीला मांडीजवळ ओढलं आणि विचारलं, "काय गं ढमे, बाहेरचं काय काय हादडलंस? पाणीपुरी? गोळा?" निधीने मान हलवली. "आणि फळं? न धुता, उचलून तशीच?"

निधीने माझ्याकडे पाहिलं. आईकडे नाही, माझ्याकडे. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "नाही."

मानसी म्हणाली, "नाही हो डॉक्टर, त्या बाबतीत आमच्याकडे एकदम कडक आहे."

माझ्या हातात पाण्याची बाटली होती. मी तिचं झाकण उघडत होते, लावत होते.

जिना उतरताना देवेशच्या खांद्यावरून निधी माझ्या कानाशी वाकली. तिचा श्वास कढत होता. "आजी, मी नाही सांगितलं," म्हणाली.

त्यानंतर मी घरी न जाता वाचनालयात गेले. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण वाचायची सवय सुटली नाही, हे तुला माहीत आहे. वाण्याच्या पुड्यांचे कागद तूच मला सपाट करून द्यायचीस. एक पक्ष्यांचं पुस्तक आणलं आणि एक सस्तन प्राण्यांचं, आणि जेवणाच्या टेबलावर दोन्ही समोरासमोर उघडून बसले. डाव्या हाताला बुलबुल, उजव्या हाताला फळं खाणारं लहान वटवाघूळ.

बुलबुल मूठभर. वटवाघूळही मूठभरच, जरा वजनदार. बुलबुल दोन-तीन अंडी घालतो, वटवाघळीण एका वेळी एकच पिल्लू देते आणि त्याला अंगावर पाजते. मला वाटत होतं सगळी वटवाघळं आंधळी, आवाजाच्या आधाराने उडणारी. ही तशी नाहीत. ही डोळ्यांनी बघतात, नाकाने पिकलेलं फळ शोधतात. म्हणजे गोड फळ त्यांनाही बुलबुलाइतकंच कळतं, कदाचित जास्तच. आईने हे आपल्याला कधी सांगितलं नाही.

बुलबुलाचं गाणं सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो. जो गातो तो चांगला, असं काहीतरी माझ्या मनात असणार. तुझे कान दहाव्या वर्षी तापात गेले. तुझ्या लेखी बुलबुल आणि वागूळ दोन्ही मुकेच. म्हणून तू गाण्याला भुलली नाहीस, हातातलं फळ बघितलंस.

आता पुस्तकातली ती ओळ लिहिते, जिच्यामुळे मी टेबलावरून उठले. बुलबुल फांदीवर बसूनच फळ टोचतो, फळ झाडालाच राहतं. वटवाघूळ फळ तोडून दुसरीकडे नेतं, तिथे लटकून खातं आणि उरलेलं खाली टाकतं.

आक्का, आम्हाला टोचलेले पेरू पेरूच्या झाडाखाली क्वचितच मिळतात. ते मिळतात पंधरा पावलांवर, गेटजवळच्या शोभेच्या ताडाखाली. पंख्यासारखी मोठी पानं आहेत त्याची. इतके महिने मी ते तिथून उचलले आणि एकदाही मनात आलं नाही की पेरू चालत ताडाखाली कसे गेले.

आज सकाळी मी त्या ताडाखाली उभी राहून वर पाहिलं. वाळलेली पानं लोंबतात तसं काहीतरी दिसलं, सात-आठ. मग त्यातल्या एका पानाने डोळे उघडले. कुत्र्याच्या पिल्लासारखं तोंड. छातीशी पिल्लू होतं, तिने पंख त्याच्यावर ओढून घेतला. मी मागे सरले ती गेटवर आपटले.

तरी मी स्वतःला सांगते आहे की ते पेरू बुलबुलाचेच असतील. खुणा काय होत्या ते मला आठवत नाही. मी नेहमी तेवढा भाग कापून टाकला. तू बघायचीस, मी कापून टाकते.

गडग्यापलीकडे जायचे ते पेरू कसे दिसायचे? आक्का, माझ्यावर राग ठेव, पण एवढं सांग.

मालन


शनिवार, १६ ऑगस्ट
हॉस्पिटलच्या बाकावरून

आक्का,

तुझं पार्सल मिळालं.

सकाळी सातला नितेशचा फोन आला. टोलनाक्यावर गेले तर तो खोका हातभर लांब धरून उभा. "काकी, ह्यात काय असा तरी काय? रातभर गाडी घमघमली. पॅसेंजर माका शिव्या घालीत होते." मी विचारलं, चिठ्ठी दिली का? "चिठ्ठी नाय. आक्का काय बोलाकच नाय. नुसतां बोट दाखवल्यान, ह्यां येगळां, तां येगळां. एकत्र केलंस तर बघ, अशे डोळे केल्यान."

तिथेच रस्त्याच्या कडेला बसून मी खोका उघडला. दोन पुरचुंड्या. तुझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातल्या, गाठ तुझीच.

पहिल्या पुरचुंडीत तीन पेरू. त्यांना भोकं होती, वर तोंड लहान आणि आत खोल, बोट घालून कोरल्यासारखी. साल भोकाच्या कडेला चिरलेली. वास नुसता पेरूचा.

दुसऱ्या पुरचुंडीत तीन पेरू आणि चोथ्याच्या काही वड्या, चावून, रस पिऊन थुंकलेल्या. ह्या पेरूंना भोकं नव्हती. एका बाजूने लचका. लचक्याच्या कडेला बारीक चर, शेजारी शेजारी, कंगवा ओढल्यासारखे. आणि वास निराळा. तो वास आला आणि मी सहा वर्षांची झाले, तू माझ्या हातातून पेरू हिसकावून घेतलास आणि मी तुझ्या पाठीत गुद्दा घातला, ते आठवलं.

तू एक अक्षर लिहिलं नाहीस. पावसात झाडाखाली वाकून हे सहा पेरू शोधलेस, निवडलेस, वेगळे बांधलेस. हे कसं वाचायचं ते मला कळत नाही. पण उत्तर कळलं. निधीला मी दिले ते दुसऱ्या पुरचुंडीतल्यासारखे. शेवटचा गेल्या शनिवारी, नऊ तारखेला. त्या लचक्याकडे बघून मी तिला म्हणाले होते, "बघ, आज पाखराला किती भूक लागली होती."

काल संध्याकाळी निधीला इथे दाखल केलं. पंधरा ऑगस्ट म्हणून लॅब बंद, अर्धे लोक सुटीवर. तिला सारखी गुंगी येते. हाक मारली तर डोळे उघडते आणि पुन्हा मिटते. एकदा मलाच आई म्हणाली. पुस्तकात मी पुढचंही वाचलं आहे. त्या तापात आधी असंच होतं. मग काय होतं ते लिहीत नाही.

मुलांच्या वॉर्डात सहा खाटा आहेत. शेजारच्या खाटेवर एक तान्ही मुलगी आहे, तिची आई निधीच्या कपाळावर पट्ट्या बदलायला मदत करते. नर्स निधीची उलटी उघड्या हाताने पुसते. देवेश तिचा उरलेला शिरा खातो, वर मला चिडवतो, "सासूबाई, तुम्ही का अशा भूत बघितल्यासारख्या? आहे हो ती वाघीण." मी त्या सगळ्यांकडे बघते. कोण कोणाला हात लावतं ते मोजते. पुरचुंड्या माझ्या पिशवीत आहेत, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून. तीन तास झाले, मी सांगितलेलं नाही.

का सांगत नाही, ते स्वतःला विचारलं. मानसी मुलीला माझ्यापासून तोडेल, हे एक. ह्यांच्यानंतर माझ्या दिवसाला सकाळ आहे ती निधीमुळे. पण ते खरं कारण नाही. खरं म्हणजे, आधी एक तास गप्प बसलं की दुसरा तास आपोआप जातो. मग तिसऱ्या तासाला नुसतं जे झालं तेच नव्हे, दोन तास गप्प बसलो हेही सांगावं लागतं. हे मला ठाऊक आहे. मी ह्यातून एकदा गेलेली आहे.

ते आत्ता नको.

अकरा वाजता डॉक्टर राउंडला येतात. त्या आल्या की

आल्या. जाते.


रविवार, १७ ऑगस्ट

आक्का,

हे पत्र मी लिहिते आहे, पण पाठवणार नाही. निदान आज नाही. नितेशला फोन करून सांगितलं, माझ्याकडे येऊ नको, माझ्या हातचा कागदही घेऊ नको. का ते पुढे येईल.

कालचं पत्र अर्धं टाकून मी डॉक्टरांच्या मागे गेले. त्या तान्ह्या मुलीच्या खाटेशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "डॉक्टर, निधी खोटं बोलली. मी शिकवलं तिला." आणि पिशवीतून पुरचुंड्या काढल्या, पण उघडल्या नाहीत. मानसी खाटेच्या पलीकडे होती. तिला वाटलं मी खायला काही आणलं आहे. "आई, आत्ता काय काढतेस तू?"

मी सगळं सांगितलं. पेरू, ताड, वर लटकणारी वटवाघळं, नऊ तारीख. गुपित हा शब्दही सांगितला.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी नर्सला हाक मारली, तोंडाला मास्क लावला आणि दुसरा मला दिला. पाच मिनिटांत निधीची खाट वेगळ्या खोलीत गेली. मग त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. "आजी, हे ते नसण्याचीच शक्यता खूप जास्त आहे. मुंबईत एकही रुग्ण नाही. दर पावसाळ्यात शंभर मुलं असाच ताप घेऊन येतात. तुम्ही मनाने खचू नका. पण हे मला बुधवारी कळायला हवं होतं. निधीसाठी नाही. तिच्यावर मी आजही तेच उपचार करणार आहे." त्यांनी वॉर्डाकडे बोट केलं. "ह्यांच्यासाठी."

मी मान खाली घातली. त्यांना काय माहीत, ते वाक्य माझ्यात किती लांबवर गेलं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्हीही खाल्ले?" हो, म्हटलं. निधीचा नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि माझाही. महापालिकेतून एक बाई आल्या, त्यांनी नावं लिहून घेतली. मला ताप नाही, पण उत्तर येईपर्यंत घरात एकटीने राहायचं. दुधाची पिशवीसुद्धा दाराला अडकवून घ्यायची.

लिफ्टजवळ मी थांबले तेव्हा मानसी मागून आली. पाच हातांवर उभी राहिली. "आई, तू मला सांगायचंस ना. मी काय खाल्लं असतं तुला? मी ओरडले असते, दोन दिवस फुगून बसले असते, संपलं असतं ना. पण सहा वर्षांच्या पोरीला तू डॉक्टरसमोर खोटं बोलायला लावलंस, यार." आणि मग लहान होती तशी, नाक हाताच्या पाठीने पुसत परत आत गेली.

आता मी घरात आहे. घर असं कधी वाटलं नव्हतं. स्वतःच्या अंगाला हात लावून बघते, गरम आहे की काय. थर्मामीटर उशाशी आहे. सकाळपासून नऊ वेळा लावला. खिडकीबाहेर बुलबुल बोलतो आहे, मी खिडकी लावून घेतली.

दुपारी बेल वाजली. शर्मिष्ठाबाई. "मालनताई, दार उघडा ना, एक सही हवी. तो ताड तोडायचा अर्ज आहे, महापालिकेला द्यायचाय." त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं. मी दारापर्यंत गेले. हात कडीवर होता. उघडून पटकन सही केली असती तर त्यांना काही विचारायचं कारण उरलं नसतं. इतकं सोपं असतं ते, आक्का. मी कडीवरचा हात काढला आणि आतून म्हटलं, "उघडत नाही. मला कदाचित लागण झाली असेल. तुम्ही दारालाही हात लावू नका."

जिन्यावरून चपलांचा असा फटफटाट झाला की त्या भीतीतही मला हसू आलं. बाई साठीच्या आहेत. संध्याकाळी दाराबाहेर आवाज आला, "ताई, वरणभात ठेवलाय हं. भांडं परत नको." आणि पुन्हा चपला.

मी आतल्या बाजूला दाराला टेकून जमिनीवर बसले. दार न उघडणं किती साधं असतं ते मला आज कळलं. रात्र कशी जाईल ते माहीत नाही.

मालन


गुरुवार, २१ ऑगस्ट

आक्का,

हे पत्र आणि आधीची दोन, शनिवारचं अर्धं आणि रविवारचं, तिन्ही एकत्र पाठवते आहे. आता माझ्या हाताचा कागद घ्यायला हरकत नाही. काल पुण्याहून उत्तर आलं. निधीला तो ताप नाही, मलाही नाही. दुसऱ्यांदा रक्त तपासलं त्यात डेंग्यूच निघाला. पहिल्या तपासणीत कधी कधी सापडत नाही म्हणे. गुंगी त्याचीच होती. ती आता उठून बसते, पेज खाते, नर्सला नावं ठेवते. उद्या घरी सोडतील.

सगळे हसले. देवेशने पेढे वाटले. डॉ. संघमित्रा फोनवर म्हणाल्या, "आजी, सुटलात. पण ताडाखालचं काही उचलू नका." महापालिकेच्या बाईही म्हणाल्या की वटवाघळांना हुसकावलं तर ती घाबरून आणखी पसरतात, पेरूला जाळी लावा आणि पडलेलं फळ खाऊ नका, एवढंच. मी अर्जावर सही केली नाही. ताडाने काही केलं नव्हतं.

मी हसले नाही. मला वाटलं होतं उत्तर आलं की भीती जाईल. ती गेली नाही, नुसती जागेवरून हलली. सुटले ते नशिबाने. त्या वॉर्डात मी तीन तास बसले होते तेव्हा मला काय माहीत होतं की हे डेंग्यू आहे? मला जे माहीत होतं ते घेऊन मी गप्प बसले होते. त्या तान्ह्या मुलीच्या आईशी बोलले, तिच्या हातचा चहा प्यायले, आणि गप्प बसले.

मानसी आज आली होती. निधी पुढच्या महिन्यापासून पाळणाघरात जाईल. दर रविवारी मला भेटेल, मानसी सोबत असेल. मी बरं म्हटलं. ती दारात घुटमळली. "आई, अजून काही सांगायचं राहिलंय का? असलं तर आत्ताच सांग. नंतर कळलं तर मला झेपणार नाही."

मी म्हटलं, "तुला सांगायचं राहिलेलं नाही."

म्हणून हे तुला.

धाकू भावोजी गेल्यावर बाराव्या दिवशी तू मला एक कार्ड पाठवलं होतंस. त्यावर एकच ओळ होती. "ते तुमच्याकडे जेवले त्या दिवशी श्यामसुंदरला ताप होता का?" मी उत्तर लिहिलं, "नाही. ह्यांना दुसऱ्या दिवशी आला." त्यानंतर तू मला कधी लिहिलं नाहीस. तेव्हा माझ्या घरात हे जाऊन नऊ दिवस झाले होते. मी स्वतःला सांगितलं की दोघी विधवा झालो, आता खरं-खोटं कशाला. चार वर्षं मी तेच सांगत राहिले.

ह्यांना त्या दिवशी ताप येऊन तीन दिवस झाले होते. एकशे दोन. खोकलाही होता. हे म्हणाले होते, कुणाला बोलू नको, बिल्डिंग सील करतील, मला उचलून नेतील, तिथून कोणी परत येत नाही. मी नाही बोलले. मलाही तीच भीती होती. कोरोनाचा तो एप्रिल कसा होता ते तुला सांगायला नको.

भावोजी आंब्याच्या टेम्पोबरोबर आले होते. दोन पेट्या आमच्यासाठी. मी अर्ध्या तासापूर्वीच ह्यांना गोळी दिली होती म्हणून अंग गार होतं, हे उठून बसले होते. भावोजींनी पेट्या दाराबाहेर ठेवल्या. तोंडाला पंचा गुंडाळलेला. म्हणाले, "मालन, आत येत नाय गो. दिवस बरे नाय. तुझ्या आक्कान बजावल्यान हा, कोणाच्या घरात पाय ठेवू नको म्हणून." आणि वळले. दोन पायऱ्या उतरले सुद्धा.

आक्का, तू त्यांना बजावलं होतंस. त्यांनी तुझं ऐकलं होतं. हे तुला कधी कळलं नाही, कारण सांगायला मी एकटीच उरले होते. तुला वाटत असेल त्यांनीच हयगय केली. त्यांनी नाही केली.

मला वाटलं, जेवायला थांबवलं नाही तर भावोजींना संशय येईल. बहिणीचा नवरा दारातून परत जातो आणि मी जा म्हणते, असं कधी झालं होतं? घरात काहीतरी आहे हे त्यांच्या लक्षात येईल, खाली टेम्पोवाल्याला बोलतील, वॉचमन ऐकेल. एवढा सगळा हिशेब मी दोन पायऱ्यांच्या वेळात केला. आणि हाक मारली. "भावोजी, भात टाकलाय. असे दारातून जाणार? आक्का मला काय म्हणेल?"

तुझंच नाव घेतलं मी. त्याच्यावर ते परत वर आले. पंचा सोडून खुंटीला लावला आणि ह्यांच्या शेजारी पाटावर बसले.

ते दारातूनच चालले होते, आक्का. मी त्यांना आत बोलावलं.

मालन